मागच्या सीटखालची पट्टी

प्रिय भाऊजी,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. (मी तुमच्याहून वयाने लहान आहे हे मला ठाऊक आहे. पण नात्याने मोठी आहे, आणि या घरात माझ्या वाट्याला आलेला हा एकुलता एक मोठेपणा मी सोडणार नाही.)

तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाईंचा खांदा दुखायचा थांबला का? तुमचं वजन वाढलं की घटलं, तेही न लाजता कळवा, मला त्याची गरज आहे. आम्ही इकडे मजेत आहोत. तुमचे दादा मजेत आहेत, मी मजेत आहे, विमानही मजेत आहे. फोनवर बोलता आलं असतं हे खरं, पण फोन सध्या विमानाच्या शेपटीखाली आहे आणि हे दिवसभर तिथेच बसलेले असतात. जे बोलायचं ते त्यांच्यासमोर बोलायचं नाही. म्हणून शेजारच्या शिंप्याच्या दुकानात, त्याच्या कापड बेतायच्या टेबलावर बसून लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर दोष टेबलाचा, मध्येच खडूचा डाग दिसला तर तोही त्याचाच.

तुम्ही मागे आला होतात तेव्हा दादा घरी बांधताहेत ते विमान फक्त बैठकीच्या खोलीत होतं. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, वहिनी, तुमचं कौतुक आहे. ते कौतुक मी फार लवकर स्वीकारलं असं आता वाटतं. धड झालं, मग पंख आला, आणि पंखाला घरातली कुठलीच खोली पुरेना. तेव्हा तुमच्या दादांनी बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीला भोक पाडलं. भोक म्हणजे कसं, तर नीट चौकोनी, कडा घासलेल्या, वर रंगाचे दोन हात. पंखाचं टोक थेट ओट्यावर येतं. मी भाजी चिरते तिथून चार बोटांवर. कुणी नवखं माणूस आलं तर मी त्याला फळी म्हणून खपवते, आणि खरं सांगायचं तर हे आजूबाजूला नसले की मिठाची बरणी तिच्यावरच ठेवते. पंखाच्या फासळ्या चिकटवताना दाबून धरायला कपड्यांचे चिमटे लागतात, म्हणून घरातले सगळे चिमटे गेले. मग वाऱ्याने माझ्या चादरी शिंप्याच्या अंगणात जायला लागल्या. तो बिचारा घडी घालून आणून द्यायचा, एकदा तर उसवलेली शिवणही घालून दिली. मग त्याच्या दोरीवरचेही चिमटे नाहीसे झाले. मी चौकशी केली नाही. कुठे गेले ते मला दिसत होतं, एकेका फासळीवर ओळीने बसले होते. थंडीत तर कहरच झाला. गोंदाला ऊब लागते म्हणून आमचं पांघरूण पंखावर गेलं. मला थंडी वाजतेय म्हटलं तर म्हणाले, तुला वाळायचं नाहीये, पंखाला वाळायचंय. मी स्वेटर घालून झोपले.

पण एक गोष्ट मला त्यांची पहिल्यापासून आवडत आली आहे, ती तुम्हाला सांगितली नसेल. गोंद कालवला की दर वेळी लाकडाचे दोन छोटे तुकडे त्याच गोंदाने जोडून बाजूला ठेवायचे आणि पुरते वाळले की हातोडीने तोडायचे. लाकूड फाटलं आणि जोड तसाच राहिला तर गोंद पास. जोड सुटला तर त्या दिवशी जेवढं चिकटवलं तेवढं सगळं नापास, उखडून काढायचं. असे मोडके तुकडे त्यांनी एका खोक्यात भरून ठेवलेत, लोक मुलांची बक्षिसं ठेवतात तसे. मी एकदा सहज म्हटलं, लग्नाआधी माणसांचीही अशी परीक्षा घ्यायला हवी. हे तुकडा निरखत म्हणाले, आपली पास झाली असती. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात गोड वाक्य, आणि तेही माझ्याकडे न बघता. मी ते जपून ठेवलंय, कारण दुसरं येईल असं तेव्हाही वाटलं नव्हतं.

आता तुमच्या सीटकडे येते. तुम्हाला आठवत असेल, मागच्या खेपेला तुम्ही मोठ्या डौलात मागच्या सीटवर चढलात, दोन्ही हात पंखांसारखे पसरलेत, आणि खाली कड् असा आवाज झाला. आम्ही सगळे पोट धरून हसलो. तुम्ही सगळ्यात जास्त हसलात (लाकडाची काडी कुठे रुतलीय हे कळेपर्यंत). हसले नाहीत ते एकटे तुमचे दादा. त्यांनी बॅटरी घेऊन सीटखाली बघितलं, मोडलेली आडवी पट्टी बोटाने चाचपली, आणि रात्रीचं जेवण न जेवता नुसते बसून राहिले. तुम्हाला वाटलं पट्टी मोडली म्हणून नाराज झाले. मलाही तेच वाटलं. पण झोपताना म्हणाले, वर असताना मोडली असती तर? मी आईला काय सांगितलं असतं? आई जाऊन किती काळ लोटला हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, भावाच्या काळजीने बोलताहेत, बोलू द्यावं. तुम्ही गेल्यावर त्यांनी नवी आडवी पट्टी बसवली, तिच्या दोन्ही टोकांना प्लायचे तिकोनी तुकडे लावले, खालून आणखी एक पट्टी दिली. ते याला मजबुती म्हणतात. मी ठिगळ म्हणते.

मग तपासणीचा दिवस आला. विमान घरी बांधा नाहीतर डोक्यावर बांधा, पण उडवायच्या आधी सरकारी साहेब येऊन बघून जातो आणि वजन करतो. तुमचे दादा लग्नात नवरदेव म्हणून उभे राहिले होते तेव्हासुद्धा इतके खुशीत नव्हते. उभं आयुष्य मालगोदामाच्या काट्यावर ट्रक तोलण्यात गेलं, वजनाच्या बाबतीत त्यांना कोण शिकवणार? विमानात जाणारा एकेक खिळा माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून गेलाय. धड अंगणात काढायचं होतं. त्यासाठी विमान बांधायला घ्यायच्या आधीच त्यांनी खिडकी मोजून ठेवली होती, चौकट काढली की धड अलगद बाहेर. गल्लीतली माणसं जमली होती, अडकलं तर बघावं म्हणून. आणि अडकलंच. खिडकीला नवे लोखंडी गज होते, पार भिंतीत रोवलेले. गज कुणी बसवले म्हणून हे शिंप्यावर डाफरले, माझ्यावर डाफरले. भाऊजी, गज त्यांनीच बसवले होते, थोड्याच दिवसांपूर्वी, घर मजबूत हवं म्हणून. मी तसं सांगितल्यावर सगळे हसले. हेही हसले. म्हातारा चळलाय म्हणाले आणि गज कापायला घेतले. त्या हसण्यात मीही होते. आता त्याची आठवण आली की हसू येत नाही.

असो. धड अंगणात आलं, इंजीन लावलेलं, चाकांखाली दोन काटे आणि शेपटीखाली तिसरा. साहेबांनी आकडे वाचले, बेरीज केली, पुन्हा वाचले. मागची बाजू जड. थोडीथोडकी नाही, असं विमान नाक वर करून बसेल आणि कुणाचं ऐकणार नाही इतकी जड. तुमचे दादा म्हणाले, काटा खोटा आहे. मला तिथेच काहीतरी टोचलं. कारण काटा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. किती ट्रकवाल्यांना ते ऐकवलं असेल त्यांनी. साहेब शांत माणूस, वाद घातला नाही. त्यांनी काठीला बांधलेला छोटा आरसा काढला, बॅटरी लावली आणि मागच्या सीटखाली वाकून बघायला लागले. बराच वेळ बघत राहिले. मग मला बोलावलं. भाऊजी, तिथे पट्टीवर पट्टी होती, तिच्यावर पट्टी, तिच्यावर आणखी एक. तिकोनी तुकड्यांवर तिकोनी तुकडे. प्रत्येक जोड सुबक, प्रत्येक कड घासलेली, आधीच्या पट्टीवर नवी पट्टी अशी चपखल की एखाद्याला वाटावं लाकूडच तसं वाढलंय.

साहेबांनी अगदी हळू विचारलं, "इथे मजबुती किती वेळा केलीत?"

"एकदाच," हे म्हणाले. "धाकटा बसणार आहे ना."

त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघत होते. ते खोटं बोलत नव्हते. मी शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवलंय, खोटं बोलणारा चेहरा मला लांबून कळतो. हा तो नव्हता. साहेबांनी बॅटरी बंद केली. त्या दिवशी त्यांनी कागदावर काहीही लिहिलं नाही, चहा घेतला, इंजिनाची तारीफ केली, आणि जाताना फाटकाशी मला म्हणाले, बाई, विमान थांबेल, आधी यांना दाखवा. मी हो म्हटलं. मग गल्लीतल्या माणसांनी धड परत आत नेलं आणि मी कपबश्या विसळल्या, धुतलेल्याच परत धुतल्या.

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मी सांगितलं की डोळे तपासायचेत. (खोटं बोलणारा चेहरा ओळखता येतो याचा फायदा असा की करताही येतो.) डॉक्टर तरुण, गोड बोलणारे. म्हणाले, आजोबा, एक घड्याळ काढून दाखवा. यांना आजोबा म्हटलेलं आवडलं नाही पण पेन्सिल आवडली. सुंदर गोल काढला, आकडे घातले, काटे काढले. डॉक्टर म्हणाले, यात आकडे दहाच आहेत. हे म्हणाले, विमानाच्या उंचीमापकात दहाच असतात, तुम्हाला काय बारा हवेत? मी हसले आणि मला बरं वाटलं, म्हटलं, बघा, काही झालेलं नाही. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, या कोण? हे म्हणाले, माझी हेल्पर, पगार देत नाही म्हणून टिकलीय. डॉक्टर हसले, मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र एकच विचार करत होते, की तो विनोद होता की उत्तर. अजून त्यांना विचारलेलं नाही. विचारायचा धीर होत नाही.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं की हे विसरणं वाढत जाणार, हळू जाईल की भरभर ते सांगता येत नाही, आणि हातांना जे येतं ते डोक्याच्या आधी जाणार नाही. हात शेवटपर्यंत साथ देतील म्हणाले. त्यांना वाटलं ही दिलाशाची गोष्ट आहे. त्यांच्या घरात विमान नाही.

तर आता आमचा दिवस असा जातो. सकाळी हे उठतात, चहा घेतात, बॅटरी घेऊन मागच्या सीटखाली बघतात, आणि इथे मजबुती करायला हवी असं म्हणतात. रोज पहिल्यांदा. मी काय काय करून बघितलं विचारा. गोंदाचे डबे लपवले, तर लहान मुलासारखं घर धुंडाळलं आणि सापडत नाहीत म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. मीच मुकाट्याने काढून दिले. पट्ट्या दाखवल्या, बघा, आधीच केलंय, तर क्षणभर इतके घाबरले की पुन्हा दाखवायचं नाही असा मी कानाला खडा लावला. मग मी दुसरा मार्ग काढला. दुपारी जेवून ते झोपले की मी कपड्यांची इस्त्री आणि पटाशी घेऊन विमानात शिरते. सकाळचा गोंद तेव्हा पुरता घट्ट झालेला नसतो, इस्त्रीने जरा शेकला की मऊ पडतो. पट्टी अलगद उचलायची, खालची जागा पॉलिशपेपरने साफ करायची, भुसा झाडायचा, इस्त्री गार करून जागेवर. हे उठतात तोवर मी स्वयंपाकघरात. दुसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या. शिंपी म्हणतो, तुमची इस्त्री रोज तापते पण कपडे चुरगळलेलेच असतात. त्याला म्हटलं, फॅशन आहे.

एवढ्या मोठ्या वर्गाला मी पाढे शिकवले, तोच प्रश्न दिवसभर विचारणारी पोरं सांभाळली, कधी चिडले नाही. इथे एकच विद्यार्थी आहे तर कधी कधी फार चिडते. मग विमानाच्या पोटात बसून रडते. तिथे आवाज बाहेर येत नाही, बांधणी फार चांगली आहे.

एकदा माझा हात घसरला आणि पटाशी बाजूने पार खालच्या मूळ पट्टीत गेली. चांगली खोल. आता ही तुमच्या वजनाने खरोखरच मोडेल, आणि ते माझ्यामुळे, या विचाराने मला काही सुचेना. शेवटी यांचंच बघून बघून जेवढं येत होतं तेवढं केलं. चीर साफ केली, तिच्या मापाची लाकडाची पाचर कापली, गोंद कालवला, बसवली, शिंप्याचे चिमटे लावले. आणि नियम म्हणजे नियम, म्हणून त्याच गोंदाचे दोन तुकडे जोडून ठेवले. वाळल्यावर तोडले. लाकूड फाटलं, भाऊजी, जोड राहिला. सांगायचं कुणाला? गुपचूप तो तुकडा त्यांच्या खोक्यात टाकला. एकदा खोकं चाळताना त्यांच्या हाताला तोच लागला. उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, हा चांगला जमलाय, धाकट्याचा हात दिसतोय. झालं! आयुष्यात एक सुतारकाम केलं आणि त्याचंही श्रेय तुम्हाला. तरी मी हो म्हटलं. तुमचं नाव त्यांच्या तोंडून इतक्या सहज निघालं होतं, ते कशाला अडवू?

असो, फार लांबलं. पत्र लिहायला विशेष कारण काही नाही, सहज तुमची आठवण आली. जाऊबाईंना नमस्कार सांगा. गुडघ्याला शेक देत चला.

तुमची,
वहिनी

ता. क. येणार असलात तर कपड्यांचे चिमटे घेऊन या, लाकडी, पक्क्या स्प्रिंगचे. शिंप्याचे परत द्यायचे आहेत. तो मागत नाही, त्यामुळे जास्तच लाज वाटते.

ता. क. दुसरं. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? वर मजेत आहोत असं लिहिलंय ते खरं नाही, पण खोडत नाही, पत्राची सुरुवात तशीच करायची असते. येणार असलात तर असं लिहिलं ते मात्र खोडा. या. यांना विमान उडवू देणार नाहीत हे मला कळलंय, साहेबांना कळलंय, आता तुम्हालाही कळलं. त्यांना कळलेलं नाही आणि मी सांगणार नाही. मी तुम्हाला उडायला बोलवत नाहीये, बसायला बोलवतेय. रोज सकाळी एकच घोकणं चालू असतं, मागे बसणाऱ्याचं वजन पेलेल की नाही. तुम्ही येऊन त्यांच्यासमोर त्या सीटवर बसा. हवे तसे हला, हात पसरा, मागच्यासारखे. कड् झालं नाही हे त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकू दे. दुसऱ्या दिवशी ते विसरतील, मला माहीत आहे. त्या दिवसापुरतं का होईना, काम संपलं असं त्यांना वाटू दे. आणि तुमच्या डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं असेल तर ते इथून गेल्यावर करा. हलका झालेला भाऊ बघितला तर म्हणतील ही परीक्षाच खरी नाही. लवकर या. या आठवड्यापासून ते तुम्हाला धाकटा म्हणत नाहीत, मागचा माणूस म्हणतात.

ता. क. तिसरं. पत्र पाकिटात घालत होते तर हे मला शोधत शिंप्याकडे आले. पाकिटावरचं नाव वाचलं, दोनदा वाचलं, आणि विचारलं हा कोण. म्हटलं, मागच्या सीटवर बसायचाय ना, तो. तेव्हा त्यांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाले, "मग लिही त्याला, निर्धास्त ये म्हणावं. या खेपेला पडू देणार नाही." ते लिहिलं. आज दुपारी मी इस्त्री तापवली नाही. सकाळची पट्टी तशीच राहू दिली आहे, तिच्यावर बसायला या.